तालुका मेहड, जिल्हा दादू

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी एक नाव घेतो, आणि आई त्याबद्दल माझ्यावर कधी रागावलेली नाही. ते नाव आसनदास. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या टपाल कचेरीत आलेल्या पत्रांची वाटणी करायचं त्यांचं काम होतं. मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं काढली.

खिडकीवरचा कारकून जेवायला गेला की तासभर आसनदास खिडकीवर बसत. त्या तासात पोस्टकार्ड विकत घेणं सोपं नव्हतं.

"एक कार्ड द्या."

"गाव बोलो."

"अहो, मला कार्ड पाहिजे."

"कार्ड मिलेगा साईं. आधी गाव. मग तालुका. मग जिल्हा."

माणूस चिडायचा, मागची रांग कुरकुरायची, पण तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय आसनदासांचा हात कार्डाच्या गठ्ठ्याकडे जात नसे. उत्तर मिळालं की चेहरा उजळायचा. "शाबास! कार्ड हरवलं तर परत कुठे जाईल? तुम्ही हरवलात तर तुम्हाला कुठे पाठवणार?" असं म्हणून ते कार्ड असं देत, जणू राज्यपालाकडून सनद मिळतेय.

माझी आई एकदा शिरगावहून वालाच्या शेंगा घेऊन मला भेटायला आली होती. नेमकी त्याच तासात आली. तिलाही त्यांनी सोडलं नाही.

"माई, गाव?"

"शिरगाव."

"तालुका?"

"मना नाय ठावं. बदलापुराशेजारी हाय आमचं शिरगाव."

"तालुका कल्याण. जिल्हा ठाणे. राज्य मुंबई. देश भारत," आसनदास एकेक बोट मिटत म्हणाले.

आईने त्यांच्या मिटलेल्या मुठीकडे बघितलं. "एवढ्या सगल्यांत मी ऱ्हातंय? मना कोनी सांगलं नाय!"

आसनदास इतके हसले की त्यांचा चष्मा शाईच्या दौतीत पडता पडता वाचला. त्यानंतर आई जेव्हा जेव्हा आली, तेव्हा खिडकीबाहेरूनच ओरडायची, "तालुका कल्यान!" आणि आतून उत्तर यायचं, "जिल्हा?" तिला जिल्हा मात्र कधी आठवला नाही.

मी तिथे लागलो तेव्हा मॅट्रिक होतो. आमच्या घरात त्याआधी कोणी कागदाला हात लावलेला नव्हता. भात लावायचं, कापायचं आणि पावसाळ्यानंतर मिळेल ती मजुरी करायची, एवढंच आम्हाला ठाऊक. फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित उतरले, एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून संसार मांडले गेले, आणि त्या हजारो माणसांची पत्रं वाटायला माणसं कमी पडू लागली. म्हणून मला नोकरी मिळाली. दुसऱ्यांचं गाव गेलं म्हणून माझं पोट भरू लागलं, हे मला फार उशिरा उमगलं.

पहिल्या दिवशी आसनदासांनी मला त्यांचं कपाट दाखवलं. सहा फूट रुंद, चार फूट उंच, लहान लहान कप्प्यांचं लाकडी कपाट. कॅम्पात आलेलं पत्र आधी त्यात पडायचं आणि मग पोस्टमनच्या पिशवीत जायचं. दुसऱ्या कुठल्याही कचेरीत अशा कपाटावर रस्त्यांची नाहीतर बराकींच्या नंबरांची कार्डं असतात. आसनदासांच्या कपाटात आडव्या आठ ओळी होत्या. सिंध प्रांतात जिल्हे आठ होते म्हणून ओळी आठ. प्रत्येक ओळीत त्या जिल्ह्याचे तालुके. रोहडी, गढी यासीन, डोकरी, कंबर, मेहड, जोही. सगळी कार्डं सिंधी अक्षरांत, उजवीकडून डावीकडे.

मला तो सरळसरळ वेडेपणा वाटला. आठवड्याभरात कळलं की काम दुसऱ्या कुठल्या पद्धतीने झालंच नसतं. अजमेरला, जयपूरला, इंदूरला विखुरलेल्या नातेवाइकांना इथला बराक नंबर कुठून माहीत असणार? ते नाव लिहीत, खाली गाव लिहीत आणि शेवटी 'कल्याण कॅम्प'. गाव मागे राहिलेलं, तरी पत्त्यात तेच. आसनदास गावावरून तालुका ओळखत आणि त्या कप्प्यात पत्र टाकत. प्रत्येक तालुक्याच्या लोकांचा कॅम्पात एक मुखी असे, म्हणजे पंचायतीचा वडीलधारा. पोस्टमन त्या मुखीला विचारी आणि पत्र दारात पोचे. एक आख्खा प्रांत त्या कपाटात नांदत होता आणि रोज सकाळी त्याला टपाल येत होतं.

"तू आणि मी एकाच इलाख्यातले, गणपत," ते मला म्हणत. "सिंध आधी मुंबई इलाख्यातच होता. मग वेगळा करायचं ठरलं. आम्ही अर्जावर सह्या केल्या की साहेब, आम्हाला मुंबईतच राहू द्या. ऐकलं नाही. आता बघ, प्रांत तिकडे राहिला आणि आम्ही मुंबईत आलो."

माणसं ओळखायचीही त्यांची हीच रीत. त्या काळी देशातल्या राज्यांचे अ, ब, क असे वर्ग होते आणि ड वर्गात एकटं अंदमान. आसनदासांनी कचेरीतल्या सर्वांची तशी वाटणी केली होती. पोस्टमास्तर अ वर्ग. पोस्टमन ब वर्ग, कारण ते पूर्वीच्या संस्थानिकांसारखे आपापल्या गल्ल्यांत राजे. मी क वर्ग.

"क का?"

"क वर्ग थेट केंद्राच्या ताब्यात असतो. केंद्र म्हणजे मी."

"आणि तुम्ही कुठल्या वर्गात, दादा?"

"ड," ते म्हणाले. "समुद्रात." आणि शिक्का आपटत पुढच्या पत्राकडे वळले. मी तेव्हा हसलो होतो.

सिंधी वाचायला त्यांनीच मला शिकवलं. आठ महिने लागले. पुस्तक नव्हतं, दुपारी पत्रांवरचे पत्ते हेच माझे धडे. त्या बदल्यात मी त्यांना मराठी शिकवू लागलो, पण त्यांना आमच्या भाषेतली गावांची नावंच हवी असत. "कात्रप. पालेगाव. वांगणी," ते खडीसाखर चघळावी तसे घोळवत बसत.

एकदा त्यांनी विचारलं, "शिरगावात बी. ए. किती?"

"एकही नाही."

"मग तो कप्पा रिकामा आहे," ते म्हणाले. "रिकामा कप्पा चांगला नाही दिसत."

मी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या आठवड्यात त्यांनी कॅम्पातल्या कॉलेजचा अर्ज आणून माझ्यापुढे ठेवला. गाव, तालुका, जिल्हा त्यांनीच भरून टाकलं होतं; मला फक्त सही करायची होती. कॉलेज सकाळचं. आणि सकाळी सहाला कल्याणहून येणाऱ्या थैल्या उघडायचं काम माझं.

"मग थैल्या?"

"थैल्या मला काय ओळखत नाहीत?"

चार वर्षं, थंडी असो वा पाऊस, माझ्या थैल्या त्यांनी उघडल्या. पन्नाशी उलटलेला माणूस. मी कधी ओशाळून काही बोललो तर म्हणायचे, "माझ्यासाठी नाही करत, पुट, बेटा. शिरगावसाठी करतो." छप्पन साली मी बी. ए. झालो. त्या दिवशी त्यांनी पोस्टमास्तरांसमोर जाहीर केलं, "साहेब, क वर्गाचा अ वर्ग झाला. घटनेत बदल करा."

त्यांच्याबद्दल मला काय माहीत होतं? चौथ्या कॅम्पात बराकीच्या एका कोपऱ्यात ते एकटे राहत. बायको फाळणीच्या आधीच कराचीत वारली होती. नोकरी लाडकाण्याच्या टपालात झाली होती, म्हणून सगळे त्यांना लाडकाण्याचे समजत. सगळ्या जगाला गाव विचारणाऱ्या या माणसाला कोणी उलट विचारलं, "दादा, तुमचं गाव?" तर ते म्हणत, "कॅम्प नंबर चार." एवढंच.

कपाटात दादू जिल्ह्याच्या ओळीत अगदी टोकाला एक कप्पा होता. बाकी सगळे कप्पे तालुक्यांचे, हा एकट्या गावाचा: मिठोडेरो. त्यात एकही पत्र पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. एकदा विचारलं, "दादा, हा कशाला ठेवलाय?"

"लागेल," ते म्हणाले.

मग छप्पनचा नोव्हेंबर उजाडला. देशातल्या राज्यांची पुनर्रचना झाली. बाहेर जाणाऱ्या पत्रांच्या कपाटावरची अर्धी नावं एका दिवसात जुनी झाली. नव्या राज्यांची यादी आली तेव्हा आसनदासांनी ती उभं राहून वाचली. "हैदराबाद गेलं. मध्य भारत गेला. सौराष्ट्र गेला. विंध्य प्रदेश, भोपाळ, अजमेर, कूर्ग. कच्छ पण." प्रत्येक नावाला ते एक जुनं कार्ड काढत आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. टाकून देऊ देत नसत.

मी नवा पदवीधर. वर्तमानपत्र रोज वाचत होतो. म्हटलं, "तेलुगू बोलणाऱ्यांना आंध्र मिळालं, कानडी बोलणाऱ्यांना म्हैसूर, मल्याळी बोलणाऱ्यांना केरळ. आम्ही मराठी अजून भांडतोय. पण दादा, सिंधी बोलणाऱ्यांचं काय?"

त्यांनी पाठीमागच्या कपाटावर हात ठेवला. "आमचं आहे की. सहा फूट बाय चार."

दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला आणि ते चार दिवस आले नाहीत. बाहेर जाणाऱ्या पत्रांच्या कपाटाची सगळी कार्डं मला नव्याने लिहायची होती, म्हणून येणाऱ्या पत्रांच्या वाटणीला कल्याणहून एक बदली कारकून आला. त्याला सिंधी वाचता येत होतं, पण गावं ठाऊक नव्हती. पाकिटावरचं नाव आणि कप्प्यावरचं कार्ड जुळवून बघायचं, जुळलं तर आत टाकायचं, नाही जुळलं तर बाजूला ठेवायचं, एवढं तो करी. बाजूची बरीच पत्रं पोस्टमन गाव ओळखून उचलत, उरत ती परत जात.

आणि मला उत्साह चढला होता. एवढ्या मोठ्या देशाची नवी मांडणी झाली, मग आपल्या कपाटाची का नको? अंबरनाथच्या कारखान्यांत कॅम्पातले कितीतरी लोक कामाला लागले होते, त्यांचं कारखान्यांतून येणारं टपाल मेहडच्या नाहीतर रोहडीच्या कप्प्यात उगाच गर्दी करी. त्यांना स्वतंत्र कप्पा पाहिजे होता. रिकामा कप्पा एकच होता. कोरी कार्डं नव्या राज्यांनी संपवलेली. आमच्या घरी पाठकोरा कागद टाकणं म्हणजे पाप, मी बी. ए. झालो तोही निम्मा पाठकोऱ्या कागदांवर. मी मिठोडेरोचं कार्ड काढलं, उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सुरेख अक्षरात 'अंबरनाथ' लिहून परत बसवलं. काम नीट केल्याचं समाधान वाटलं, हेही इथे कबूल करतो.

पाचव्या दिवशी आसनदास आले. गळ्याभोवती मफलर, दाढी वाढलेली. माझी नवी कार्डं त्यांनी एकेक करून पाहिली, मान डोलावली. मग आपल्या कपाटाकडे वळले आणि नेहमीसारखी नजर ओळीवरून फिरवत दादूच्या टोकाशी आले. तिथे थांबले.

"इथलं कार्ड?"

"तेच आहे, दादा. उलटं केलंय. कार्डं संपली होती."

त्यांनी कार्ड बाहेर काढलं, पालटून पाहिलं. आवाज अगदी नेहमीचा होता.

"चार दिवसांत, पत्ता लागत नाही म्हणून मुंबईला किती परत पाठवलीस?"

"अकरा."

"त्यांत मिठोडेरो लिहिलेलं होतं?"

मी तो गठ्ठा बांधला होता. वर सही माझी होती. पण बदली कारकुनाने पुढे केला आणि मी पाकिटं न बघताच सही ठोकली होती. नव्या राज्यांच्या नादात.

"मी बघितलं नाही, दादा."

बदली कारकून परत कल्याणला गेला होता. मी दुपारीच सायकल काढून त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "अकरा पाकिटं, कोणाला आठवणार? कार्डाशी जुळलं नाही ते बाजूला ठेवलं."

संध्याकाळी कचेरी बंद होताना आसनदासांनी आपणहून सांगितलं. बोलताना ते शिक्क्याला चिकटलेली शाई पुसत होते.

"माझं गाव मिठोडेरो. तालुका मेहड, जिल्हा दादू. मोठा भाऊ तिथेच राहिला. आईला हलवता येत नव्हतं. भाऊ म्हणाला, तू पुढे हो, आईचं झालं की मी येतो. मी म्हटलं, मी कुठे असेन तुला कसं कळणार? तर हसला. म्हणाला, वलू, तू टपालातला माणूस. मी पाकिटावर आपल्या गावाचं नाव टाकीन, तू शोधून काढ."

"वलू?"

"घरात मला वलू म्हणत."

"तुम्ही पत्र नाही टाकलं त्यांना?"

"सात टाकली. दोन परत आली. बाकीची कुठे आहेत माहीत नाही."

एकट्या त्या कप्प्यासाठी त्यांनी सगळं कपाट उभं केलं होतं, असं म्हणणं बरोबर होणार नाही. त्या कपाटाने हजारो लोकांना त्यांची माणसं दिली. पण सुरुवात कुठल्या कप्प्यापासून झाली असेल, ते मला त्या संध्याकाळी समजलं. मी रडलो. ते रडले नाहीत. त्यांनी कार्ड सरळ करून जागेवर बसवलं आणि म्हणाले, "अंबरनाथला दुसरा कप्पा बघ. अंबरनाथची पत्रं खरंच येतात."

त्यानंतर त्याबद्दल ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. सकाळी तसेच "क्या अ वर्ग?" म्हणून हाक मारत. फक्त थैली उघडली की परदेशी शिक्क्याची पाकिटं आधी बाजूला काढत. पूर्वी ते मला करू देत.

दीड वर्षाने खात्याची परीक्षा देऊन मी वर चढलो. कुठे जायचं ते विचारलं गेलं तेव्हा मी मुंबईची ती कचेरी मागितली, जिथे पत्ता न लागलेली पत्रं जातात. तिथे कोणी आपणहून जात नाही. साहेबांना वाटलं मला नीट समजलं नाही. मी म्हटलं, "मला सिंधी वाचता येतं." मग त्यांनी लगेच पाठवलं.

आसनदास निरोप द्यायला दारापर्यंत आले आणि म्हणाले, "पोचलास की पत्र टाक. पूर्ण पत्ता घाल."

तिथे पोचल्यावर तीन आठवड्यांनी मी त्यांना पत्र लिहिलं. सिंधीत लिहिलं होतं. इथे मराठीत देतो.

*

तीर्थरूप आसनदास दादा यांस,

गणपतचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र कुठल्या कप्प्यात मिळालं ते तुम्ही पाहिलंच असेल. आधी सांगतो, ते तुमच्या भावाचं नाही. अक्षर ओळखलं असेल तरी सांगतो, कारण क्षणभरही तुमचा गैरसमज व्हावा असं मला वाटत नाही. पाकिटावर तुमचं नाव आणि खाली नुसतं 'मिठोडेरो, कल्याण कॅम्प' लिहिलंय. तालुका नाही, जिल्हा नाही, राज्य नाही, बराक नंबर नाही. तुमच्या सगळ्या शिकवणीविरुद्ध. पोचलं तर कार्ड जागेवर आहे असं मी समजेन.

पत्ता न लागलेली पत्रं इथून परत जाताना त्यांची यादी होते. छप्पनच्या नोव्हेंबरची यादी मी काढून घेतली. आपली अकराही त्यात सापडली. सात आपल्याच देशातली, चार तिकडची. चौघांची नावं, गावं मी दोनदा वाचली, मग इथल्या एका सिंधी गृहस्थाकडून वाचून घेतली. एक कोटडीचं, दोन शिकारपूरची, एक सक्करचं. मिठोडेरो नाही. वलू नाही.

म्हणजे त्या चार दिवसांत तुमचं पत्र आलं नव्हतं, आणि माझ्या हातून ते गेलं नाही. हे कळल्यावर मला मोकळं वाटलं आणि लगेच लाज वाटली. माझा दोष गेला, पण तुमच्यासाठी ही बातमी चांगली की वाईट, ते मला ठरवता येत नाही. खरं आहे ते कळवलं.

शिकारपूरच्या दोघांचे मुखी मला ठाऊक होते, पण ती पत्रं केव्हाच परत गेली. कॅम्पाची जी दुसरी पत्रं अजून इथे पडून आहेत, त्यांच्यावर तालुका लिहून तुमच्याकडे पाठवतोय. ती या आठवड्यात मिळतील.

इथे माझ्या टेबलाशेजारी बारा कप्प्यांचं एक मोडकं कपाट होतं. ते दुरुस्त करून घेतलं. आठ कप्प्यांवर आठ जिल्हे लिहिले. नवव्यावर एक गाव. साहेबांनी विचारलं, हा कशाला? मी म्हटलं, लागेल. परदेशी थैली रोज मी स्वतः उघडतो. न बघता सही करत नाही.

कार्डाच्या पाठीवर माझ्या अक्षरात 'अंबरनाथ' आहे, ते खोडू नका. माझ्या लक्षात राहायला पाहिजे.

सिंधीत भावाला भाऊच म्हणतात, हे तुम्ही मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. त्यापुढे मला काही लिहिता येत नाही.

तब्येत जपा. सहाच्या थैलीला आता कोणी दुसरा जातो ना? तुम्ही जाऊ नका.

मुंबईत माझी खोली पक्की नाही, म्हणून उत्तर घरच्या पत्त्यावर टाका. गणपत, गाव शिरगाव, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे, राज्य मुंबई, देश भारत. आई पत्र घेऊन ठेवते. तिला आता जिल्हा पाठ झालाय. तुम्ही कधी शिरगावला आलात तर विचारून बघा. ती तुमची वाट बघतेय.

तुमचा,
गणपत